गाडी एका अंगाला का कलते?



व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलणारे येतात, इतिहासावर बोलणारे येतात, शेतीच्या प्रश्नावर बोलणारेही येतात. मोटारगाडीच्या स्प्रिंगांवर बोलायला सहसा कोणी येत नाही. हा विषय गॅरेजच्या खड्ड्यातला, सभामंडपातला नव्हे, अशी आपली समजूत आहे. परंतु ज्या नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो, तिथे एकादशीच्या दिवशी गडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्या एकदा नजरेखालून घाला. पायी येणारे आजही आहेत. पण पूर्वी ज्या घरातून बैलगाडी निघायची त्या घरातून आता जीप निघते, आणि घरातली लहानथोर माणसे तिच्यात बसतात. तेव्हा ती गाडी सरळ उभी आहे की कलली आहे, आणि कलली असेल तर कशामुळे, हा प्रश्न आपला सर्वांचाच आहे.

मी मोटार कामगारांच्या संघटनेचे काम करतो. ड्रायव्हर, क्लीनर आणि गॅरेजातले मिस्तरी ही माझी माणसे. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. यंत्राविषयी जे कळते ते मिस्तऱ्यांच्या शेजारी उकिडवे बसून आणि रात्री पुस्तके चाळून कळलेले आहे. असे असता मी या विषयाकडे वळलो याचे कारण भांडणे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एका नव्या प्रकारचे भांडण येऊ लागले आहे. गाडीमालक हौसेने उंची कमीजास्त करता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडणी विकत आणतो. मिस्तरी ती दिवसभर खपून बसवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो गाडी उजव्या अंगाला बोटभर खाली! मालक म्हणतो, मिस्तऱ्याने काम बिघडवले. मिस्तरी म्हणतो, मालच खोटा. माल विकणारा दूरच्या शहरात. तो म्हणतो, बसवणाऱ्याला अक्कल नाही. या तिघांत ज्याची बाजू मांडायला कोणी नसते त्याचा पगार कापला जातो. तो कोण, हे सांगायला नको.

अशा भांडणात नुसता आवाज चढवून काही निष्पन्न होत नाही. गाडी का कलते हे आधी समजावे लागते.

जुन्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हती, पण तोलाचे ज्ञान गाडीवानाला पुरेपूर होते. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाले की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर येते, हे त्याला शिकवावे लागत नसे. मोटारीत त्या तोलामध्ये आणखी एक गोष्ट येऊन बसली, ती म्हणजे स्प्रिंग. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली तिचा नियम छापून प्रसिद्ध केला. जितका भार, तितका ताण. भार दुप्पट केला तर स्प्रिंग दुप्पट दबेल. कोणतीही गाडी कलली असेल तर या नियमाप्रमाणे विचार करता दोनच शक्यता राहतात. एक तर दोन बाजूंच्या स्प्रिंगांवरचा भार वेगळा आहे, नाही तर त्या स्प्रिंगा, त्यांच्या बैठका किंवा त्यांना अडवणारे दुसरे काही वेगळे आहे. तिसरे कारण फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते, आणि तेही थोडेथोडके नाही. त्याविषयी पुढे येईलच.

उंची बदलण्याची सोय ही नवी गोष्ट आहे असे तरुणांना वाटते. ती नवी नाही. फर्डिनंड पोर्शे यांनी १९३१ साली पिळाच्या सळईचे पेटंट घेतले. स्प्रिंगच्या वेटोळ्याऐवजी सरळ पोलादी सळई, एक टोक चेसिसला धरलेले, दुसरे चाकाच्या हाताला. चाक वर गेले की सळई पिळली जाते. आपली अँबॅसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतली होती तिला पुढे अशाच सळया होत्या, आणि अँबॅसडरलाही पुष्कळ वर्षे त्या राहिल्या. सळईच्या टोकाच्या पकडीची जागा बदलली की पुढची बाजू वर-खाली करता येई. कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाट आणि पुढे पद्मिनी या गाड्यांना मात्र पुढे वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे. मुंबईची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या रंगावर लिहिले. तिचे पाटे आयुष्यभर सरळ ठेवणाऱ्या हातांवर फारसे कोणी लिहिले नाही. जीपला पुढे-मागे पाटेच. विलीजच्या लष्करी जीपमध्ये तर डाव्या आणि उजव्या पुढच्या पाट्यांची घडण कारखान्यातच वेगवेगळी होती, कारण ड्रायव्हर आणि पेट्रोलची टाकी एकाच बाजूला. दोन बाजूंचे भार सारखे नसतात हे करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते.

आता जी जोडणी बाजारात मिळते तिच्यात शॉकअपच्या नळकांड्यावर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर एक मोठा नट फिरतो आणि त्या नटावर स्प्रिंग बसते. नट वर चढवला की गाडी वर, उतरवला की गाडी खाली. दुसऱ्या एका प्रकारात नळकांड्याचा खालचा भागच आट्यांवर फिरतो. तिथे स्प्रिंगला हात न लावता एकूण लांबी बदलते. बसवण्यापूर्वी आपली जोडणी कोणत्या प्रकारची आहे हे मालाबरोबर आलेला कागद वाचून समजून घ्यावे. तो कागद बहुधा खोक्याबरोबर भंगारात जातो.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. गाडी खाली बसली की लोक म्हणतात, शॉकअप गेला. शॉकअप गाडीचे वजन उचलत नाही. वजन उचलते ती स्प्रिंग. स्प्रिंगचे नाचणे थांबवणे एवढेच शॉकअपचे काम. वायू भरलेला असला तर तो थोडासा रेटा देतो, इतकेच. म्हणून गाडी कलली की शॉकअप बदलायला सांगणाऱ्याला आधी विचारावे की, बाबा रे, स्प्रिंगकडे पाहिलेस का?

दुसरा गैरसमज नटाविषयी. दोन्ही बाजूंचे मोकळे आटे मोजून सारखे केले की उंची सारखी झाली, असे अनेक मिस्तरी धरून चालतात. तसे होत नाही, कारण दोन बाजूंचे भार मुळात सारखे नसतात. समजा, एका चाकावरची स्प्रिंग १ मिलिमीटर दबायला अडीच किलो भार लागतो. ७० किलोचा ड्रायव्हर उजवीकडे बसला. त्याच्या वजनातले सुमारे ५० किलो उजव्या दोन चाकांवर आणि २० किलो डाव्या दोन चाकांवर जातात. उजवी बाजू १० मिलिमीटर दबली, डावी ४. म्हणजे एकटा ड्रायव्हर बसल्याने ६ मिलिमीटरचा फरक पडला, आणि त्यात कोणाचा काही गुन्हा नाही. टाकीत ४५ लिटर डिझेल असेल तर ते सुमारे ३७ किलो होते. टाकी एका बाजूला असली की तोही हिशेब आलाच. तेव्हा गाडी रिकामी मोजायची की ड्रायव्हरसकट, टाकी भरलेली की अर्धी, हे आधी ठरले पाहिजे. मालक आणि मिस्तरी यांनी ते ठरवलेले नसते. म्हणून दोघेही खरे बोलतात आणि तरी भांडतात.

नटाचा एक फेरा म्हणजे किती उंची, हेही प्रत्येक गाडीत वेगळे. आट्यांचे अंतर २ मिलिमीटर असेल आणि स्प्रिंग चाकाच्या अगदी जवळ उभी असेल, तर एका फेऱ्याला त्या चाकाशी सुमारे २ मिलिमीटर. पण स्प्रिंग हाताच्या मध्यावर टेकलेली असेल तर पहारीच्या न्यायाने ते ४ मिलिमीटर होतात. पहार मध्यावर उचलली तर टोक दुप्पट उचलले जाते, हे विहिरीवर काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

बरे, मोजायचे कसे? बहुतेक ठिकाणी जमिनीपासून मडगार्डपर्यंत वीत लावतात. ही पद्धत सोडून द्यावी. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजावे, म्हणजे टायरातल्या हवेचा आणि टायरच्या झिजेचा फरक आकड्यात शिरत नाही. टायरची हवा तरीही चारही चाकांत सांगितल्याप्रमाणे भरून घ्यावी. गाडीला पूर्वी अपघात झाला असेल आणि पत्रेवाल्याचा हात मडगार्डला लागला असेल, तर तेच मडगार्ड खोटे बोलते. अशा वेळी चेसिसवरच्या सारख्या दोन जागा धरून मोजावे. स्प्रिंग सरळ आणि पत्रा वाकडा, अशा दोन गाड्यांच्या स्प्रिंगा विनाकारण खोलल्या गेलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

आणि जमीन! आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. गॅरेजची फरशी पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार देऊन केलेली असते. अशा जागी उभी केलेली गाडी कललेलीच दिसणार. गवंडी ज्या पाण्याच्या पारदर्शक नळीने भिंतीची पातळी काढतो, तीच नळी चार चाकांच्या जागी धरावी. नळीत बुडबुडा राहू देऊ नये. एवढाही खटाटोप करायचा नसेल तर त्याहून सोपी परीक्षा आहे. गाडी मोजावी, मग ती वळवून उलट्या तोंडाने नेमकी त्याच जागी उभी करावी आणि पुन्हा मोजावी. पहिल्यांदा उजवी बाजू खाली होती आणि आता डावी खाली आली, तर दोष फरशीचा. गाडीला पाना लावण्याचे कारण नाही.

जमीन सरळ ठरली, भार ठरला, आकडे लिहिले, आणि तरी फरक राहिला, तर मग जोडणीकडे वळावे. इथे माझ्या अनुभवात सर्वांत अधिक सापडणारे कारण बुशचे आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडा वेळ थांबतो. चाकाचा हात चेसिसला जिथे जोडलेला असतो तिथे रबराचा बुश असतो. रबर बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही नळ्यांना चिकटलेले. हात वर-खाली होतो तेव्हा रबर पिळले जाते. मिस्तरी काम करतो गाडी जॅकवर उचलून. चाक खाली लोंबत असते. त्याच अवस्थेत तो बोल्ट आवळतो. मग गाडी खाली सोडली की हात वर येतो, पण रबर लोंबत्या अवस्थेत पकडलेले असल्यामुळे पीळ खाऊन उलटा रेटा देत राहते. म्हणजे स्प्रिंगच्या जोडीला आणखी एक न मागितलेली स्प्रिंग उभी राहिली. डाव्या बाजूचा बोल्ट जेवणाच्या सुट्टीआधी आवळला, उजव्या बाजूचा नंतर दुसऱ्या पोऱ्याने. दोन्हींचा पीळ वेगळा आणि उंचीही वेगळी. पुढे काही दिवसांनी रबर फाटते, गाडी आणखी बसते आणि खडखड सुरू होते. उपाय फुकटचा आहे. गाडी चाकांवर उभी करून, किंवा चाकाखाली आधार देऊन नेहमीच्या उंचीवर आणून, हे बोल्ट सैल करावेत, गाडी दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि मगच आवळावेत. हे काम करताना नुसत्या जॅकवर कोणी गाडीखाली जाऊ नये. घोडे लावल्याशिवाय खाली गेलेला माणूस परत येईलच असे नाही.

जॅक काढल्याबरोबर मोजण्याचीही घाई नको. उचललेली गाडी खाली येताना चाके आत ओढलेली असतात आणि टायर फरशीला धरून बसतात, त्यामुळे ती काही काळ उंचच राहते. दहा पावले पुढे, दहा पावले मागे ढकलून मग टेप लावावा.

त्यानंतर स्प्रिंगची बैठक. वेटोळ्याचे टोक खोबणीत एका ठरावीक जागी टेकावे लागते. ते तिथे न टेकता कडेवर चढले तर तारेच्या जाडीइतका फरक पडतो. तार १२ मिलिमीटरची असेल तर १२ मिलिमीटर! वरचे रबर एका बाजूला राहून गेले, किंवा जुने न काढता नवे त्यावरच बसवले, तरी तेच. काही कारखान्यांच्या स्प्रिंगांवर रंगाच्या खुणा असतात. डावी-उजवी वेगळी असेल तर ती अदलाबदल होते. पाट्याच्या जीपला मधल्या बोल्टचे डोके खालच्या भोकात बरोबर बसले आहे ना, टोकाचा शॅकल गंजून अडकलेला नाही ना, आणि एका बाजूचेच पाटे बसलेले नाहीत ना, हे पाहावे. नवा पाटा घालायचा, किंवा जुन्याला पुन्हा गोलाई द्यायची, तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी. एका बाजूचे पैसे वाचवून केलेले काम महिन्याभरात परत येते.

आडवी दांडी, जिला स्टॅबिलायझर म्हणतात, तीही गाडी कलवू शकते. उंची बदलल्यावर तिच्या दोन टोकांच्या लिंका सारख्या लांबीच्या राहिल्या नाहीत की दांडी उभ्या गाडीतच पिळलेली असते. एका बाजूची लिंक सोडून पाहावी. गाडीची उंची बदलली तर चोर सापडला.

आता मी माझ्या व्याख्यानाच्या गाभ्याकडे येतो, आणि इथे थोडे लक्ष देण्याची विनंती करतो. घरातला एक चौरंग घ्या. त्याच्या चार पायांखाली जाड स्पंजाचे चार सारखे तुकडे ठेवा. आता पुढच्या उजव्या पायाखाली एक लहानशी चकती सरकवा. आपल्याला वाटेल की तेवढाच कोपरा वर जाईल. पाहा काय होते ते. चकती १६ मिलिमीटरची धरली तर तो कोपरा १२ मिलिमीटरच वर येतो. त्याचे दोन शेजारी कोपरे ४-४ मिलिमीटर वर येतात. आणि तिरक्या समोरचा, म्हणजे मागचा डावा कोपरा ४ मिलिमीटर खाली जातो. चारही स्पंज सारखे आणि भार मध्यावर असेल तर हा हिशेब अगदी असाच येतो. गाडी म्हणजे असा चौरंगच. एका कोपऱ्याचा नट फिरवला की चारही कोपरे हलतात, आणि ज्या कोपऱ्यात दोष दिसतो त्याच कोपऱ्यात तो असतो असे नाही.

यावरून घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या एका सभासद मिस्तऱ्याकडे नवी जोडणी बसवलेली गाडी परत आली. पुढची उजवी बाजू डावीपेक्षा ८ मिलिमीटर खाली. मागेही उजवी बाजू तितकीच खाली होती. पण मागे कोणी पाहिले नाही, कारण मालकाची नजर बॉनेटवर. मिस्तऱ्याने पुढच्या उजव्या नटाला फेरे दिले. ८ फेरे दिल्यावर गाडी चारही कोपऱ्यांना एकसारखी आली. मालक खूश होऊन गेला. आठवड्याने पावसात परत आला. म्हणे जोराचा ब्रेक लावला की पुढचे डावे चाक आधी घसरते. पुन्हा पाना, पुन्हा फेरे. तीन खेपा झाल्या आणि गॅरेजवाल्याने मिस्तऱ्याच्या चार दिवसांच्या पगाराला कात्री लावली. तेव्हा प्रकरण माझ्याकडे आले.

आम्ही चारही कोपऱ्यांची उंची लिहिली. ती सारखी होती. मग नटांच्या जागा लिहिल्या. पुढचा उजवा नट डाव्यापेक्षा १६ मिलिमीटर वर होता. सरळ गाडीत नटांच्या जागांत एवढे अंतर का लागावे? मागची डावी स्प्रिंग उतरवून पाहिली, तर तिचे टोक खोबणीबाहेर कडेवर चढलेले आणि वर रबर दुहेरी. तो कोपरा सुमारे १६ मिलिमीटर उंच झाला होता. आता चौरंगाचा हिशेब लावा. मागचा डावा १६ ने उचलला, म्हणून पुढचा उजवा ४ ने खाली आणि पुढचा डावा ४ ने वर. पुढे ८ चा फरक दिसला तो हा. मग पुढचा उजवाही १६ ने उचलला, तेव्हा चारही कोपरे ८-८ ने वर येऊन सारखे झाले. टेपला काही दोष दिसेना. पण भार? पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या स्प्रिंगा प्रत्येकी ८ मिलिमीटर जास्त दबल्या, उरलेल्या दोन ८ मिलिमीटर मोकळ्या झाल्या. मघाच्या अडीच किलोच्या दराने एका तिरक्या जोडीवर प्रत्येक चाकाला २० किलो जास्त, दुसऱ्या जोडीवर २० किलो कमी. पुढच्या दोन चाकांत ४० किलोंचे अंतर! ओल्या रस्त्यावर हलके चाक आधी घसरणारच. चारही उंच्या बरोबर आणि गाडी चूक.

म्हणून आमच्या मिस्तऱ्यांनी एक नियम पाळायचे ठरवले आहे. गाडी सरळ करण्यासाठी डाव्या-उजव्या नटांत ५ मिलिमीटरहून अधिक अंतर द्यावे लागले, तर पाना खाली ठेवायचा आणि कारण शोधायचे. शंका राहिली तर जमिनीशी समतल असलेल्या वजनकाट्यावर एकेक चाक घेऊन वजन पाहावे. मोठ्या काट्याला पाच किलो कळत नाहीत. ४० किलो कळतात. आणि मागे सलग ॲक्सल असलेल्या जीपसाठी एक जुनी युक्ती आहे. ॲक्सलच्या बरोबर मध्ये जॅक देऊन मागची चाके जेमतेम मोकळी करावी. ॲक्सल तराजूच्या दांडीसारखा मोकळा झाला की मागच्या पाट्यांचा पुढच्या कलण्यावर अंमल उरत नाही. अशा स्थितीत पुढची बाजू सरळ आली तर दोष मागे, नाही आली तर पुढे. त्या मिस्तऱ्याचा पगार परत मिळाला, पण चारांपैकी दोन दिवसांचाच.

कोणी म्हणेल, दोन बोटे कलली तर कलली. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात माणसे, भांडी आणि शेळ्या एकत्र भरलेल्या गाड्या जातात त्या तरी कुठे सरळ असतात? त्या सरळ नसतात हे खरे, आणि त्यांतून माणसे नेणे हा वेगळा आणि याहून मोठा अन्याय आहे; त्यावर संघटनेच्या व्यासपीठावर आम्ही बोलतच असतो. पण भाराने कललेली गाडी भार उतरला की सरळ होते. जोडणीने बिघडलेली गाडी रिकामीही बिघडलेलीच असते, आणि ती दिसत नाही.

उंची वाढवण्याची जी हौस आहे तिच्याविषयीही दोन शब्द. मला ती फारशी आवडत नाही. पण ज्याचे पैसे त्याची आवड. मात्र काही गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व असतो. गाडी भरली की बॉडी खाली येते, आणि त्यावरून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. बॉडी स्प्रिंगांनी वर चढवली तर त्या व्हॉल्वला वाटते की गाडी रिकामी आहे. मग आत दहा माणसे असली तरी तो मागचा ब्रेक आखडता घेतो. उंची बदलल्यावर या व्हॉल्वचा दांडा जुळवून घेणे भाग आहे, आणि हे काम निम्म्याहून अधिक वेळा कोणी करीत नाही. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, हेही चाक पूर्ण लोंबते ठेवून पाहावे. पुढची बाजू चढली तर दिव्यांचा झोत वर जातो आणि समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत शिरतो. तो ड्रायव्हरही बहुधा आमचाच सभासद असतो.

कायद्याची बाजूही मालकांनी समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीच्या पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. नवी गाडी बाजारात येण्यापूर्वी तिची परीक्षा होते. पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन अशा परीक्षा घेते. त्या परीक्षेत पास झालेली उंची एका दुपारी पान्याने बदलताना परिवहन कार्यालयात आधी विचारून घेतले तर पुढचा मनस्ताप वाचतो. विम्याचा प्रश्न अपघातानंतर निघतो, आणि तेव्हा मिस्तऱ्याचे नाव पहिल्यांदा घेतले जाते.

आम्ही गॅरेजांना सुचवलेला कागद अगदी साधा आहे. गाडी खोलण्यापूर्वी चार कोपऱ्यांच्या चार उंच्या, टायरची हवा, टाकीतले इंधन, आत माणूस आहे की नाही, आणि फरशीची कोणती जागा. काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा चार उंच्या आणि चार नटांच्या जागा. खाली मालकाची सही. गाडी आधीपासूनच कललेली होती, हे निम्म्या प्रकरणांत या पहिल्या चार आकड्यांतच दिसून येते, आणि मग पगाराचा प्रश्न उपस्थित होत नाही. सुरुवातीला मालक सही करायला कुरकुर करीत; आता काही मालक स्वतःच कागद मागतात.

नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. म्हणून पहिला आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवून ती परत आणावी, चारही आकडे पुन्हा घ्यावेत, आणि मगच वरचा चेक नट कायमचा आवळावा. चाकांची अलाइनमेंट त्याच्याही नंतर, कारण उंची हलली की चाकांचा रोख हलतो आणि टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो. अलाइनमेंटची पावती त्याच कागदाला टाचून ठेवावी.